एकोणतीसचा पाढा

आमच्या आत्याचं अरबी १९८३ सालचं आहे. तिथेच थांबलंय ते, आणि तेही एका टीव्ही मालिकेत. तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता. २०२५च्या फेब्रुवारीत ती डोंबिवलीहून महिनाभरासाठी माझ्याकडे कुवेतला, एगैलाला आली आणि दुसऱ्याच दिवशी खाली घरमालकिणीकडे कॉफीला बसली, तेव्हा हे उघड झालं.

घरमालकीण पंचाहत्तरीच्या पुढची. अख्खी गल्ली तिला खालती म्हणते, म्हणजे मावशी. मी बारा वर्षं तिच्या डोक्यावर राहते, वरच्या मजल्यावर, भाडं वेळेवर देऊन. पण आमचं बोलणं अजून मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत चालतं. आत्याने मात्र बसल्या बसल्या तोंड उघडलं. तीन फिंजान झाल्यावर, पुरे असेल तेव्हा हलवायचा असतो तसा कप हलवला आणि काहीतरी ठसक्यात म्हणाली. खालतीचा हात कॉफीच्या दल्ल्यासकट हवेत थांबला. मग ती अशी हसत सुटली, की सून आतून धावत आली.

"ही ग्माशासारखी बोलते! अगदी ग्माशा!"

'खालती ग्माशा' ही १९८३ची कुवेती विनोदी मालिका. हयात अल-फहद या नटीने त्यात एक खाष्ट सासू उभी केली. घरातल्या मुलासुनांवर नजर ठेवायला ती कॅमेरे बसवते आणि स्वतः पडद्यासमोर ठाण मांडून बसते. आज प्रत्येक बिल्डिंगच्या दारात कॅमेरा असतो. तेव्हा ते अचाट होतं. आत्या इथे १९७८ मध्ये सरकारी हॉस्पिटलात नर्स म्हणून आली होती. भाषा शिकवायला कोण होतं? रोगी आणि टीव्ही. "रोगी नुसते कण्हायचे, म्हणून मी टीव्हीकडून शिकले," असं ती म्हणते. "आणि सासू म्हटल्यावर अर्धं मला शब्द न कळताच कळत होतं."

जाता जाता, ग्माशाचं मूळ नाव क़माशा. कुवेतच्या बोलीत घशातला क़ ग होतो. आमचं एगैलासुद्धा लिहिताना अल-उक़ैलाच असतं. पत्त्यात ब्लॉकला क़ित्आ लिहितात आणि बोलताना गित्आ म्हणतात. हे मला बारा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आत्या आली आणि दोन म्हाताऱ्यांच्या गप्पांतून फुकट मिळालं.

त्या महिनाभर मी रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर खाली जाऊन बसायचे. आत्या दुभाषी. अर्थात दुभाषा स्वतःच गोष्टीवेल्हाळ असला, की काय मूळचं आणि काय पदरचं हे देवच जाणे.

खालतीचे वडील जहाजावर खलाशी होते. बसऱ्याहून खजूर भरायचा, वारे फिरले की हिंदुस्थानच्या किनाऱ्याला जायचं, मुंबईत उतरायचं, मलबारहून सागवान आणि दोर घेऊन परतायचं. घरात रुपये असायचे. कुवेतमध्ये १९६१पर्यंत रुपयाच चालत होता. शेवटची दोन वर्षं आखातासाठी वेगळ्या रंगात छापलेला. मग दिनार आला, एका दिनाराला तेरा रुपये आणि वर पाच आणे. खालतीच्या आईचा मेहेर रुपयांत ठरला होता. आणि आंब्याला खालती आंबाच म्हणते. 'हंबा' म्हणते, पण आंबाच तो. वडिलांनी एकदा मुंबईहून टोपलीभर आणले होते, वाटेत सगळे सडले, एक उरला. तो नऊ जणांत कापला. "कोय कोणाला मिळाली?" आत्याने लगेच विचारलं. खालतीने छातीवर हात ठेवला.

"तुमची आई काम करायची का?" मी विचारलं.

"छे," खालती म्हणाली. "बाजारात बसायची."

शहराच्या जुन्या बाजारात बायकांची स्वतंत्र पेठ आहे, सूक अल-हरीम. बुरख्यातल्या म्हाताऱ्या ओळीने बसून कापड, बुरखे, सुरमा विकत. खालतीची आई वीस वर्षं तिथे बसली. पण काम? छे. काम जहाजावर होतं.

मला एकदम आमची आजी आठवली. आत्याची आई. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती गिरणीतल्या अठरा जणांची खानावळ चालवायची. सकाळपाळीचा डबा, रात्रपाळीचं ताट, महिन्याचा हिशेब भिंतीवर कोळशाने. तिला कोणी विचारलं, की तीही म्हणायची, "मी कुठं काम केलं? दोन भाकऱ्या थापल्या." प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अशाच खानावळवाल्या बायकांना गोळा करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्या कर्जाचा अर्ज भरायचा तर व्यवसायाच्या रकान्यात काहीतरी लिहावंच लागायचं. 'गृहिणी' लिहून कर्ज मिळत नाही.

आत्या याच्या अगदी उलट. तिला काम शब्दाचं वेड. शाळेत असल्यापासून खो-खो खेळली, परळच्या शाळेकडून, नंतर शिवाजी पार्कच्या मातीत. पण त्यालाही ती 'काम' म्हणते. "माझं काम हुलकावणी द्यायचं." पाठलाग करणारीला उजवीकडे खांदा दाखवायचा आणि डावीकडे निसटायचं. डाव्या गुडघ्यावर कातडीच्या आत एक निळसर ठिपका आहे, बाजरीच्या दाण्याएवढा. ती म्हणते, शिवाजी पार्कचा खडा आहे तो, साठ वर्षं झाली, भाडं न देता राहतोय.

त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असं हरवलं. मी आत्याला माझ्या फोनवर तो सामना परत लावून दिला. ती चष्मा वर करून बघत होती. "अठ्ठ्याहत्तर? आमचा सामना दहा-बारा गुणांत संपायचा. आणि हे काय, गादीवर खेळतायत? बुटं घालून?" पाच मिनिटं गप्प. मग, "ती बघ, ती पोरगी. तिने खांदा दाखवला. बघ आता कुठे जाते." पोरगी डावीकडे गेली.

आत्याच्या गोष्टी ऐकायच्या, तर हे लक्षात ठेवावं लागतं.

तिच्या सगळ्या गोष्टी विनोदी आहेत. लहानपणी दिवाळीला आम्ही पोरं तिच्याभोवती बसायचो आणि ती कुवेतची लढाई सांगायची. आम्हाला लढाई म्हणजे भलताच हसण्याचा विषय वाटायचा. ठरलेली सुरुवात मंगळागौरीपासून.

१९९० मध्ये श्रावण जुलैअखेर लागला होता. मंगळवार, ३१ जुलै. सालमियातल्या एका फ्लॅटमध्ये नव्या नवरीची मंगळागौर. उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्धं मराठी कुवेत घरी गेलेलं, उरलेल्या बायका चौदा. पुरुष बाहेर हाकललेले. लाटण्याची फुगडी, सूप नाचवणं, कोंबडा, झिम्मा; रात्र चढली तशी सोंगं. मंगळागौर हा खेळ आहे, की नाटक, की व्यायाम, हे मला कधीच ठरवता आलेलं नाही. एकाच रात्रीत बायका उकिडव्या बसून घरभर उड्या मारतात आणि त्याच दमात सासूची नक्कल करतात. त्या रात्री सासू अर्थात आत्या. डोक्याला काळी चादर, हातात टीव्हीचा रिमोट, चाल आणि आवाज ग्माशाचा, शिव्या लालबागच्या. खालच्या मजल्यावरचा मिसरी शेजारी वर आला आणि अत्यंत नम्रपणे विचारू लागला, की सामान हलवताय का, मदत पाठवू का.

तर त्यानंतर दोन दिवसांनी, गुरुवारी पहाटे, धाड धाड आवाज सुरू झाले. आत्या झोपेत म्हणाली, "आता कोणाची मंगळागौर?"

इथे आम्ही पोरं लोळायचो हसून. इराकी सैन्य शहरात शिरलं होतं, दसमान राजवाड्यापाशी लढाई चालली होती आणि आमची आत्या वरच्या बिऱ्हाडाला नावं ठेवत होती. माझी आत्येबहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, तेव्हा नऊ वर्षांची. ती आईच्या शेजारी झोपलेली होती. आत्या गोष्ट सांगताना ताई कधी आमच्यात बसायची नाही. करंज्या तळायला स्वयंपाकघरात जायची. हे मला आता आठवतं.

काका, म्हणजे आत्याचे यजमान, तेव्हा मुंबईत होते, त्यांच्या आईच्या आजारपणासाठी गेलेले. फोन बंद पडले. आत्या तीन आठवडे कामावर जात राहिली, ताईला शेजारच्या मल्याळी बाईंकडे ठेवून. मग ऑगस्ट सरता सरता नर्सांनी आणि आणखी काही कुटुंबांनी मिळून बस ठरवली: बसरा, बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द. बाकी सगळ्यांची वाटही तीच. अम्मानहून एअर इंडियाने १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर अशा ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून १,११,७११ माणसं मुंबईला आणली. गिनेसच्या पुस्तकात नोंद आहे. आत्याला हा आकडा तोंडपाठ आहे आणि ती म्हणते, शेवटची अकरा म्हणजे आमच्या बसमधल्या नर्सा.

आता दागिने. चार बांगड्या, एक मंगळसूत्र, आणि ताईच्या बारशाची साखळी. वाटेत सैनिक बस थांबवून झडती घेतात हे सगळ्यांना कळलं होतं. आत्याने दागिने बिस्किटांच्या पुड्यात घातले, वर चार बिस्किटं ठेवली, पुडा पुन्हा चिकटवला. बसऱ्याच्या अलीकडे नाक्यावर सैनिकाने सामान उपसलं, पुडा हातात घेतला. आत्याने ग्माशाचा आवाज काढला आणि त्याला झापलं: पोराच्या तोंडातलं बिस्कीट काढून घेतोस, तुझ्या आईला नाव सांगू? तो सैनिक बघतच राहिला आणि हसू लागला. त्याच्या घरीही मालिका बघत असणार. पुडा परत दिला. दोन मिनिटांत काम खल्लास.

वीस वर्षं आम्ही हीच गोष्ट ऐकली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आत्याने ती खालतीला सांगितली. माझ्यासमोर, अरबीत, आणि मला अरबी येत नाही असं धरून. पण बारा वर्षांत काही शब्द कानात बसतातच. बिस्कीट हा शब्द आला नाही. खालतीने तोंडावर पदर, म्हणजे बुरख्याचं टोक, दाबलं आणि आत्याच्या मांडीवर थाप मारली.

वर आल्यावर मी विचारलं. आत्या क्षणभर थांबली. "अगं, बिस्किटं तुमच्यासाठी. पोरांसमोर काय सांगणार? पॅडचं पाकीट होतं ते. वरचं पॅड उघडून मध्ये बांगड्या, खाली मंगळसूत्र. पुरुषाचा हात त्याला लागत नाही, जगात कुठेही. आम्ही सगळ्या नर्सांनी तेच केलं होतं. एका बसमध्ये इतकी पाकिटं! त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, हिंदुस्थानातल्या बायकांना काय झालंय."

मला वाटतं, ही गोष्ट बिस्किटांपेक्षा कितीतरी चांगली आहे, आणि ती आम्हाला वीस वर्षं आधी मिळायला हवी होती.

२६ फेब्रुवारी हा कुवेतचा मुक्तिदिन. त्या संध्याकाळी एगैलाच्या रस्त्यावर पोरं गाड्यांवर पिचकाऱ्या मारत होती, झेंडे लावलेल्या मोटारी भोंगे वाजवत गेट मॉलकडे चालल्या होत्या. आत्याच्या काळी इथे, ती म्हणते, वाळू आणि विजेचे खांब. आम्ही तिघी दाराच्या पायरीवर बसलो. दारावर घराच्या नंबराची निळी पाटी आहे. खालतीने तिच्यावर बोटाने टिचकी मारली.

कुवेतमध्ये पत्ता म्हणजे आकडे. ब्लॉक, रस्ता, घर. इराकी शहरात शिरल्यावर ते याद्या घेऊन लोकांना शोधू लागले, तेव्हा कुवेती लोकांनी रातोरात घरांच्या आणि रस्त्यांच्या पाट्या काढून टाकल्या. खालती तेव्हा चाळिशीत होती, फिंतासला राहायची. तिने आणि तिच्या दोन जावांनी भाजीच्या सुरीने स्क्रू फिरवून आपल्या रस्त्यावरच्या पाट्या उतरवल्या, बुरख्याखाली घालून आणल्या आणि पिठाच्या पिंपात तळाशी पुरल्या. सुरी वाकली. "सैनिकांना घर सापडेना. मग आमच्या मामेसासऱ्यालाही सापडेना. तीन दिवस शेजारच्यांकडे जेवला, आमचंच घर समजून." सात महिने पाट्या पिठात. नंतर परत लावताना दोन पाट्यांची अदलाबदल झाली आणि जावेची पाणपट्टी वर्षभर हिच्या दारात पडत राहिली.

एवढं सांगून खालती थांबली. मग तिने एक नाव घेतलं, अस्रार अल-क़बंदी. प्रतिकारात काम करणारी बाई, इराक्यांनी पकडली आणि जानेवारी १९९१ मध्ये ठार मारली. त्या नावाच्या मागे-पुढे खालती काही बोलली नाही. आत्याने भाषांतरही केलं नाही. रस्त्यावरच्या एका पोराची पिचकारी आमच्या पायांवर आली, तेव्हा कुठे दोघी हलल्या.

ऑक्टोबर १९९० मध्ये आत्या डोंबिवलीला होती, दिराच्या घरी, पगार अडकलेला, नोकरी आहे की गेली ठाऊक नाही. त्याच महिन्याच्या १० तारखेला अमेरिकेत एका पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने खासदारांसमोर रडत साक्ष दिली, की सैनिकांनी हॉस्पिटलात शिरून नवजात बाळांना काचेच्या पेट्यांतून काढून जमिनीवर टाकलं. जगभर हलकल्लोळ झाला. पुढे १९९२ मध्ये बाहेर आलं, की ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची होती, आणि चौकशांमध्ये त्या गोष्टीला आधार मिळाला नाही. पण तेव्हा हे कोणाला माहीत? आत्या बाळंतिणींच्या वॉर्डात काम करून आलेली. एका वर्तमानपत्राचा माणूस शोधत घरी आला. बाळांचं काय झालं, सांगा. आत्या म्हणाली, मी होते तोवर असं काही पाहिलं नाही, नंतरचं मला ठाऊक नाही. मी होते तोवर औषधं संपत आली होती, स्टाफ निघून जात होता आणि आम्ही तिघीजणी अकरा जणींचं काम करत होतो, ते लिहा. त्याने वही मिटली. मग तिने त्याला बिस्किटांची गोष्ट सांगितली, चहा पाजला आणि वाटेला लावला. काही छापून आलं नाही.

खोटं रडणं जगाला पटलं, म्हणून आत्याचं हसणं खरं, असं मात्र मी म्हणणार नाही. पॅडच्या पाकिटानंतर तर नाहीच.

आजीचंही असंच होतं. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या, हजार टनांवर दारूगोळा आणि बँकेसाठी आणलेल्या सोन्याच्या विटा, सगळं एकत्र. चारनंतर पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. आजी दहा वर्षांची, उमरखाडीच्या चाळीत गॅलरीत सागरगोटे खेळत होती. तिची गोष्ट काय, तर सागरगोटा वर उडाला तो खाली आलाच नाही. आणि मग दुसऱ्या दिवशी चाळीतली पोरं सोन्याच्या विटा शोधत हिंडली. एक वीट खरोखरच गोदीपासून लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली होती आणि त्याने ती प्रामाणिकपणे परत केली. आजी त्याच्यावर मरेपर्यंत चिडलेली होती. "आपल्या चाळीत पडली असती, तर मी दिली असती का?" आम्ही हसायचो. पणजोबा कापसाच्या वखारीत मुकादम होते, गोदीच्या अंगाला. त्या शुक्रवारी दुपारी चार वाजता ते कुठे होते, हे आम्ही कोणीही तिला विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

म्हणून मी ताईला फोन लावला. ती मेलबर्नला असते. इकडे दुपार, तिकडे रात्र. म्हटलं, आत्या सांगते ते जाऊ दे, तुला काय आठवतं?

आधी तिला सरहद्दीचा तळ आठवला. जॉर्डनमध्ये शिरल्यावर रुवेशिदजवळ तंबू, विमानाचे नंबर लागेपर्यंत सहा दिवस. पाण्याचा टँकर, रांग, धूळ. आत्याने तिसऱ्या दिवशी पोरं गोळा करून खो-खो सुरू केला. खुंटांच्या जागी पाण्याचे दोन रिकामे कॅन. मल्याळी, पंजाबी, गोव्याची, एक श्रीलंकेचा मुलगा. कोणाची भाषा कोणाला नाही, पण खो म्हटलं की उठायचं हे दहा मिनिटांत सगळ्यांना आलं. आत्या खुंटापाशी सूर कसा मारायचा ते वाळूत स्वतः पडून दाखवत होती, सलवार-कमीज घालून, अडतीस वर्षांची बाई. धूळ उडून जेवणाच्या तंबूत जायला लागली, तेव्हा एक जॉर्डनी सैनिक येऊन ओरडला. पोरं पांगली. तो गेल्यावर पुन्हा बसली. "मला तिथून निघायचंच नव्हतं," ताई म्हणाली. "मी आयुष्यात पहिल्यांदा आईच्या टीममध्ये होते."

मग मी नाक्याचं विचारलं. बिस्किटांचं, म्हणजे पाकिटाचं.

ताई थोडा वेळ गप्प होती. "ती दोन मिनिटं म्हणते ना?"

"हो."

"त्यांनी आईला खाली उतरवलं होतं. एकटीला. नर्सच्या कपड्यात होती म्हणून असेल. शेडमागे नेलं. मला म्हणाली, तू बस, पाढे म्हण, मी येते. बाकीच्या मावश्या खिडकीतून बघत होत्या आणि मला बघू देत नव्हत्या. मी बे एके बे पासून सुरू केलं. मोठ्याने नाही, तोंडातल्या तोंडात. अडखळले की पाढा पहिल्यापासून म्हणायचा, असा आईचाच नियम होता. मी एकोणतीसवर होते, एकोणतीस सक, तेव्हा ती वर आली. पाकीट हातात होतं."

"काय झालं होतं?"

"माहीत नाही. कोणाला तरी इंजेक्शन द्यायचं होतं, असं एकदा म्हणाली होती. कोणा अधिकाऱ्याला ताप होता, असंही एकदा म्हणाली. बसमध्ये चढली तेव्हा हसत होती. सगळ्यांना सांगत होती, त्याला ग्माशाच्या आवाजात कसं झापलं ते. सगळ्या हसायला लागल्या. मीही हसले."

आत्या १९९२ मध्ये पुन्हा कुवेतला आली, हॉस्पिटलने बोलावलं म्हणून. युद्धात पेटलेल्या तेलविहिरी विझून काही महिने झाले होते, शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ला विझली. सालमियाच्या भिंतींवर तरीही काजळी होती. जुना फ्लॅट रिकामा, दारंसुद्धा नेलेली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचे नुकसानभरपाईचे फॉर्म आले. देश सोडावा लागला म्हणून एकट्या माणसाला चार हजार डॉलर, कुटुंबाला आठ. दुसऱ्या प्रकारांतही दावा केलात, तर त्याच्यापेक्षा कमी, अडीच आणि पाच. आत्याने सामानाची यादी करून पाहिली होती. तो कागद अजून तिच्या पासपोर्टांच्या पिशवीत आहे, तिने मला दाखवला. फ्रीज, टीव्ही, शिलाई मशीन, स्टीलच्या वाट्या चोवीस, लाटणी दोन, सूप एक. सुपापुढे किंमत लिहून खोडलेली. मग यादीच नको म्हणून तिने चार हजारांचा दावा केला. एकटीचाच. काका तेव्हा मुंबईत होते, ताई अल्पवयीन, आणि एवढे पुरावे गोळा करायला कोणाला वेळ होता?

ताईशी बोलल्यानंतरच्या रात्री, सगळे झोपल्यावर, मी स्वयंपाकघरात उभं राहून पाढे म्हणून पाहिले. फोनवर वेळ लावली. माझे पाढे नाक्यावरच्या नऊ वर्षांच्या मुलीपेक्षा वाईट आहेत; सतराला अडखळले, एकोणीसला दोनदा मागे गेले, तेवीस त्रिकला थांबून बोटं मोजली. एकोणतीस सकपर्यंत पोचले, तेव्हा फोनवर चौदा मिनिटं झाली होती.

परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी आत्या बॅग भरत होती. खालतीने दिलेला खजुराचा डबा कपड्यांत गुंडाळत होती, बांगड्या हातात. मी तिच्यासमोर पलंगावर बसले आणि सांगितलं. ताई काय म्हणाली ते, आणि चौदा मिनिटांचं.

तिने डबा बॅगेत ठेवला. साडीची घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. मग मान वर केली, आणि तिचा तो उजवा खांदा किंचित पुढे आला.

"बरं झालं की मग," ती म्हणाली. "त्याच्या आधी तिला एकोणतीसचा येत नव्हता."